तारांकित प्रश्न

पझेशनचं पत्र येईपर्यंत आम्ही सगळे फार गुण्यागोविंदानं राहत होतो. त्याचं मुख्य कारण म्हणजे राहायला जागाच झालेली नव्हती. पुनावळ्याच्या एका कोपऱ्यात दोन विंगा उभ्या राहत होत्या आणि आमचं शेजारपण व्हॉट्सॲपवर चाललं होतं. सकाळी गणपती, दुपारी हप्त्यांवरचे विनोद, आणि एखाद्या रविवारी कोणीतरी पत्र्याच्या कुंपणावरून हात लांब करून काढलेला फोटो. 'सातवा स्लॅब पडला' असं कोणी लिहिलं की पन्नास जण टाळ्या वाजवायचे. स्लॅब पडल्याचा इतका आनंद फक्त बुकिंग केलेल्या माणसालाच होतो.

मग पत्र आलं. 'आपली सदनिका तयार आहे, तरी येऊन पाहणी करावी व ताबा घ्यावा.' ताबा घ्यायला सगळेच टपलेले होते; पाहणीनं मात्र ग्रुपची झोप उडवली. घराची पाहणी कशी करायची हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. आपण आत शिरतो, थेट खिडकीशी जातो आणि बाहेर बघून 'व्ह्यू छान आहे' म्हणतो. बाथरूममधला दिवा लावतो आणि बंद करतो. घरातलं वडीलधारं माणूस एखाद्या भिंतीवर दोन थापा मारतं आणि काही न बोलता पुढे सरकतं. झाली पाहणी. कर्ज वीस वर्षांचं आणि तपासणी दहा मिनिटांची. अर्धा किलो भेंडी घेताना आपण एकेक शेंडा मोडून बघतो.

आमच्यात कोणी कोणाला नावानं ओळखत नाही. मोबाईलमध्ये सगळे फ्लॅटच्या नंबरानं साठवलेले आहेत, त्यामुळे बोलतानाही तेच तोंडात येतं. तर नऊशे दोन म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, मी ऑनलाइन फॉर्म करतो. पाच मिनिटांचं काम आहे." नऊशे दोन हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका शोधण्याचा त्याला पगार मिळतो. हाच छंद बिनपगारी जोपासणारे ग्रुपवर पुष्कळ होते, त्यामुळे कल्पना एकमतानं मंजूर झाली.

फॉर्म खरोखरच पाच मिनिटांत झाला. गूगल फॉर्म्समध्ये कोरं पान उघडायचं, वर शीर्षक द्यायचं आणि खाली प्रश्न टाकत जायचं. उत्तर एकच हवं असेल तर गोल, अनेक चालणार असतील तर चौकोन, ऐसपैस हवं असेल तर परिच्छेद. लोकांनी भरलेलं सगळं आपोआप एका तक्त्यात जाऊन बसतं. नऊशे दोनच्या पहिल्या फॉर्ममध्ये नाव, विंग, फ्लॅट, आणि पुढे फरशी, भिंती, दारं-खिडक्या, नळ, वीज एवढंच होतं. सुटसुटीत, देखणा फॉर्म. पण लिंकच्या खाली त्यानं 'काही सुचवायचं असेल तर सुचवा' असं लिहिलं, सगळ्यांना फॉर्ममध्ये बदल करायची मुभा दिली आणि तो झोपायला गेला.

सकाळपर्यंत प्रश्नांनी शंभरी ओलांडली होती. अकराशे तीन बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी वडिलांचं पूर्ण नाव, आईचं माहेरचं नाव आणि 'पाहणीच्या वेळी हजर असलेले दोन साक्षीदार' अशी भर घातली होती. सातशे एक ताई वकील आहेत. त्यांनी प्रत्येक विभागाखाली 'सदर उत्तर दिल्याने माझ्या इतर कोणत्याही हक्कास बाधा येत नाही' ही ओळ बसवली होती. फ्लॅट नंबर लिहिण्याच्या जागेखालीसुद्धा. सहाशे दोननं मुख्य दार कोणत्या दिशेला आहे हे विचारून खाली अष्टदिशा दिल्या होत्या. उत्तर नैऋत्य आलं तर पुढे काय, हा विभाग मात्र रिकामा होता. पंधरा मजली इमारत वळवून देण्याची तरतूद कुठल्याच करारात नसते. आणखी कोणीतरी 'हवा खेळती आहे का?' असं विचारून तीन पर्याय दिले होते: हो, नाही, वारा असेल तर.

सगळ्यात मोठी भर तीनशे चारच्या काकांची. काका सार्वजनिक बांधकाम खात्यातले निवृत्त उपअभियंता. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या बिलांवर शेरे मारले, आणि निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना मोकळं मैदान मिळालं होतं. 'भिंत ओळंब्यात आहे काय? खोली गुण्यात आहे काय? कोब्याला क्युरिंग पुरेसे झाले होते काय?' असे त्यांचे प्रश्न. ओळंबा म्हणजे काय, असं ग्रुपवरच्या तरुण मंडळींनी विचारलं. काकांनी पितळी ओळंब्याचा फोटो टाकला. नऊशे दोननं त्यावर 'हे ॲप कुठे मिळेल?' असं लिहिलं. तो चेष्टा करत होता की नाही हे अजून ठरलेलं नाही.

गुण्याचं प्रकरण काकांनी मीटिंगमध्ये समजावलं आणि ते मला फार आवडलं. खोलीच्या कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करायची, शेजारच्या भिंतीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट भरलं तर कोपरा काटकोनात. शाळा सुटल्यावर पायथागोरसची आणि माझी गाठ थेट मास्टर बेडरूममध्ये पडली. कोपरा काटकोनात नसला तर कपाट भिंतीला लागत नाही, मागे फट राहते, आणि सुताराला दोष देण्यात पुढची दहा वर्षं जातात.

प्रश्न कमी करावेत म्हणून मी एक प्रयत्न केला. अतुल गावंडे यांचं तपासणी-यादीवरचं पुस्तक २००९ साली आलं. गावंडे बोस्टनचे सर्जन, पण त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे, म्हणजे माणूस तसा आपलाच. पुस्तकात १९३५ सालच्या अपघाताची गोष्ट आहे. बोइंगचं नवंकोरं विमान चाचणीच्या वेळी उडालं आणि कोसळलं. यंत्र शाबूत होतं; शेपटीकडच्या पृष्ठभागांना जमिनीवर असताना घातलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. त्यानंतर वैमानिकांच्या हातात यादी आली. शस्त्रक्रियेसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली जी यादी काढली, तिच्यात सगळे मिळून १९ मुद्दे आहेत. आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. शिवाय, एका थांब्यावर पाच ते नऊ मुद्द्यांहून जास्त नकोत, हा विमानवाल्यांचा दंडकही गावंडे सांगतात. आणि उंच इमारती न पडता कशा उभ्या राहतात हे समजून घ्यायला ते खुद्द बांधकामाच्या साईटवर गेले होते.

मी हे सगळं मीटिंगमध्ये मांडलं. सभेनं शांतपणे ऐकून घेतलं. उमरखेडचं नाव निघाल्यावर नांदेडकडच्या एका सभासदानं मान डोलावली. मग अकराशे तीन म्हणाले, "त्यांचं ठीक आहे. त्यांच्याकडे ज्याचं घर असतं तो भूल देऊन झोपवलेला असतो. इथे सगळे जागे आहेत." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकही प्रश्न कमी झाला नाही. उलट 'उमरखेडवाल्या डॉक्टरांच्या सूचनेनुसार' असा एक नवा विभाग वाढला.

गूगल फॉर्ममध्ये प्रश्नाशेजारी एक छोटी लाल चांदणी लावता येते. ती लावली की उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न झेलावे लागतात. आमच्याकडे ज्यानं त्यानं आपापल्या प्रश्नाला तारांकित करून टाकलं, कारण आपला प्रश्न ऐच्छिक आहे असं मानणारा माणूस मराठी सोसायटीत सापडत नाही. परिणाम असा झाला की लोक अडले की तिथे एक टिंब देऊन पुढे जाऊ लागले. 'आईचं माहेरचं नाव' या रकान्यात आजही तीसेक टिंबं आहेत. एकानं सगळीकडे 'राम कृष्ण हरी' लिहिलं आहे, आणि त्याच्या बाथरूमचा उतार त्या तक्त्यात तसाच नोंदलेला आहे.

पाहणीचा रविवार उजाडला. दोन्ही विंगांची माणसं सहकुटुंब, डबे घेऊन हजर. बिल्डरकडून एक साईट इंजिनिअर आला होता. पंचविशीतला मुलगा, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात किल्ल्यांचा जुडगा. आणि पहिल्याच दहा मिनिटांत असं लक्षात आलं की फ्लॅटच्या आत फॉर्म उघडत नाही. चारी बाजूंनी काँक्रीट असल्यामुळे नेटवर्क दारातूनच परत जात होतं. रेंज फक्त बाल्कनीत. त्यामुळे बाथरूममध्ये जायचं, नळ बघायचा, तो लक्षात ठेवून बाल्कनीत यायचं, गोल भरायचा, पुन्हा आत जायचं. खालून बघणाऱ्याला असं वाटलं असेल की सगळी इमारत एकाच वेळी कोणाची तरी वाट बघते आहे.

आत नाण्यांचा आवाज. फरशी खाली पोकळ राहिली असेल तर नाण्यानं वाजवल्यावर वेगळी बोलते, हे बहुतेकांना माहीत होतं. भरीव टाईलचा आवाज टणक येतो, पोकळीचा भदभदीत. अशी टाईल पुढे कधीतरी जड कपाटाखाली तडकते. प्रत्येक मजल्यावर माणसं गुडघ्यांवर बसून टकटक करत पुढे सरकत होती. हा प्रश्न फॉर्ममध्ये 'टाईल्सचा दर्जा, १ ते ५' असा विचारला होता. पुण्यात वाढलेल्या एकानंही ५ दिले नाहीत. "पाच द्यायचे तर मग सुधारणेला वाव काय?" असं सदाशिव पेठेतून आलेल्या एका आजोबांनी मला विचारलं.

त्या दिवशी मला एका गोष्टीचा फार विचार करावासा वाटला. कोण आधी काय बघतं? पुनावळ्यासारख्या भागात सगळा महाराष्ट्र येऊन राहतो. बी विंगमधले पाचशे सहाचे सर लातूरचे. त्यांनी आत येऊन एकेक नळ पूर्ण उघडला, धार बघितली, बंद केला, आणि फॉर्ममध्ये एका ओळीत लिहिलं, 'पाणी येतं. बाकी ठीक.' २०१६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्यांच्या लेखी स्कर्टिंगच्या टवक्याला किती किंमत असणार! जळगावच्या जोडप्यानं पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून बघितला आणि एसीचा पॉईंट शोधला. चिपळूणच्या काकू छताकडे बघत उभ्याच राहिल्या. "आता काय बघायचं? पावसात दाखवा म्हणावं," एवढं बोलून त्या डबा उघडून बसल्या. आणि मुंबईहून आलेला एक गृहस्थ नुसताच हॉलच्या मध्यभागी उभा राहून हात पसरून गोल फिरत होता. त्याला कुठेही भिंत लागली नाही. त्यानं सगळीकडे ५ दिले.

रात्री तक्ता उघडला तेव्हा नऊशे दोनचा चेहरा पडला. 'बाथरूमचा उतार योग्य आहे का?' सगळे हो. 'अर्थिंग आहे का?' सगळे हो, कारण सॉकेटला तीन भोकं दिसत होती. 'दरवाजे व्यवस्थित आहेत का?' हो, बरे आहेत, ठीकठाक, चालतील. फोटोंची तर आणखी मजा. फॉर्ममध्ये फोटो जोडायची सोय केली की ते सगळे फॉर्म करणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जातात, आणि फुकटातली जागा मेलसकट १५ जीबी. दोन्ही विंगांच्या भेगा, कोपरे, एक-दोन सेल्फी आणि चुकून आलेला कोणाच्या तरी मुंजीचा व्हिडिओ मिळून ती भरली. त्याला मेल येणं बंद झालं. बँकेच्या हप्त्याची आठवणही येईना, तेवढे दिवस तो बराच आनंदी होता. आणि भेगांचे फोटो इतक्या जवळून घेतलेले की ती भेग बेडरूमच्या भिंतीतली की टाचेतली, हे सांगणं अवघड.

मग नऊशे दोन आणि काका एकत्र बसले. एक तिशीतला, एक सत्तरीतला. एकाला सिमेंट माहीत नाही, दुसऱ्याला लॉगिन. त्या दोघांनी जो फॉर्म तयार केला तो मी कोणालाही बिनदिक्कत द्यायला तयार आहे. त्यांनी एकच नियम पाळला: माणसाचं मत विचारायचं नाही, त्याला काम सांगायचं आणि काय झालं ते विचारायचं.

'उतार योग्य आहे का?' हा प्रश्न गेला. त्याजागी: 'बाथरूममध्ये एक बादली पाणी ओता. पाच मिनिटं थांबा. पाणी कुठे आहे?' पर्याय: जाळीतून गेलं, कोपऱ्यात साचलं, दाराबाहेर आलं, खालच्या फ्लॅटमध्ये. शेवटचा पर्याय विनोद म्हणून टाकला होता. तो दोघांनी निवडला. 'दरवाजा नीट आहे का?' याऐवजी: 'दार अर्धं उघडा आणि हात सोडा. तिथेच राहिलं का?' चौकट ओळंब्यात असेल तर दार राहतं, नसेल तर आपण होऊन लागतं किंवा उघडतं. 'अर्थिंग' ऐवजी: तीन दिव्यांचा टेस्टर प्रत्येक सॉकेटमध्ये घालायचा आणि कोणते दिवे लागले ते लिहायचं. हा टेस्टर इलेक्ट्रिकच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतो, आणि आमच्याकडे त्यानं स्वयंपाकघरातल्या सॉकेटांची एक अख्खी रांग उघडी पाडली. विजेच्या मुख्य पेटीत, म्हणजे डीबीमध्ये, 'टी' लिहिलेलं छोटं बटण दाबायचं. शॉक लागला तर जीव वाचवणारा स्विच खाली पडला पाहिजे. नाही पडला तर तो नुसता शोभेचा. सिंकला बोळा घालून ते काठोकाठ भरायचं, मग बोळा एकदम ओढायचा आणि खालच्या पाइपाच्या सांध्यांवरून कोरडा हात फिरवायचा. थेंबथेंब नळाखाली कुठलाच सांधा गळत नाही. गळतो तो लोंढ्याला. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते बाहेर जातं की सोफ्याच्या जागेवर येतं ते बघायचं. चिपळूणच्या काकूंचं त्यावर समाधान झालं नाही, पण निदान त्या उठून खिडकीपाशी आल्या.

फोटो दोनच: एक लांबून, खोली ओळखू येईल असा, एक जवळून, भेगेशेजारी पेन धरून. कार्पेट एरियाचंही तसंच: मत नको, माप. कायद्यात त्याची व्याख्या आहे: बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची सोडून, पण आतल्या पार्टिशनच्या भिंती धरून. चौरस मीटरला १०.७६४ नं गुणलं की चौरस फूट. करारात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक धरलेला असतो. आमच्याकडे तो त्याच्या आतच निघाला, याचं काही जणांना वाईट वाटलं.

पण सगळ्यात मोठा स्फोट झाला तो फॉर्ममधल्या पहिल्याच प्रश्नानं. 'भोगवटा प्रमाणपत्र पाहिलं का?' आधीच्या फॉर्ममध्ये सगळ्यांचं उत्तर हो. कुठे पाहिलं? ग्रुपवर. ग्रुपवर कोणी टाकलं? ते आठवत नव्हतं, पण त्याला पुष्कळ अंगठे आले होते. नव्या फॉर्ममध्ये सातशे एक ताईंनी तो प्रश्न बदलला: 'प्रमाणपत्रावरची तारीख लिहा. त्यात कोणत्या इमारतीचा उल्लेख आहे ते लिहा.' तेव्हा कुठे दोन्ही विंगांनी कागद मोठा करून वाचला. प्रमाणपत्र अंशतः होतं. फक्त ए विंगचं. बी विंगला आलेलं पत्र पुन्हा काढून बघितलं तर त्यात बारीक अक्षरात 'फर्निचरच्या कामासाठी' ताबा असं होतं. म्हणजे बी विंगनं आत सुतार न्यायचा, कपाटं करायची, मेंटेनन्स भरायचा, पण महापालिकेच्या दृष्टीनं त्या इमारतीत अजून माणूस राहू शकत नव्हता. बी विंगमधल्या तिघांनी वास्तुशांतीचा मुहूर्त काढून आचाऱ्याला आगाऊ रक्कम दिलेली होती. त्या रात्री ग्रुपवर गणपतीचा फोटोही कोणी टाकला नाही.

फॉर्मच्या शेवटी 'इतर' नावाचा एक रकाना नऊशे दोननं सवयीनं ठेवला होता. त्याला चांदणी नव्हती. म्हणूनच असेल, लोकांनी मनापासून लिहिलं ते तिथेच. 'लिफ्टमध्ये रेंज नाही. हा दोष समजू नये, मला ऑफिसचे फोन येतात.' 'समोरच्या टॉवरमधल्यांचा टीव्ही मोठा आहे, आमच्या हॉलमधून स्वच्छ दिसतो. धन्यवाद.' 'देवघराच्या जागेवर मीटरची पेटी आली आहे. दोन्हींपैकी एकाला हलवावे.' 'शेजारी कसे आहेत हे या फॉर्मवरून कळत नाही.' आणि आठशे पाचच्या आजींनी नातवाकडून लिहून घेतलं होतं, 'बाथरूमच्या बाहेरच्या डक्टमधून वास येतो. कोणी राहत नाही तर वास कसा?' ही ओळ वाचून काका ताडकन उठले. डक्टची झडप उघडून बघितली तर मैल्याच्या पाइपाचा एक सांधा नुसताच टेकवून ठेवलेला होता. साईटवरचे कामगार वरच्या मजल्यावरचं संडास वापरत होते. एवढ्या तारांकित प्रश्नांत नाकाला एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

हे सगळं संकलित होऊन साईट इंजिनिअरकडे गेलं. नऊशे दोननं तक्त्यात 'स्थिती' नावाचा एक स्तंभ करून त्यात निवडीला तीन पर्याय दिले होते: सुरू आहे, झालं, होणार नाही. मुलानं दोन दिवस काहीच भरलं नाही. मग त्यानं नम्रपणे विचारलं, "सर, यात 'होऊन जाईल' ॲड करता का?" केलं. दुसऱ्या दिवशी वरपासून खालपर्यंत सगळा स्तंभ 'होऊन जाईल'नं भरला. मला त्या मुलाचा राग येत नाही. गवंडी त्याच्या हाताखाली नव्हते, टाईलवाला गावी गेला होता, वर मॅनेजर होता, खाली आम्ही होतो. बिचाऱ्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं.

'होऊन जाईल'वर तोडगा सातशे एक ताईंनी काढला. रेरा कायदा २०१६ चा. त्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला किंवा सोयींमधला दोष बिल्डरच्या नजरेस आणला तर त्यानं तो ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. नाही दिला तर भरपाई. ताईंनी 'स्थिती'च्या शेजारी दोन स्तंभ वाढवले: 'कळवल्याची तारीख' आणि 'त्यात तीस मिळवून'. मग तो तक्ता पीडीएफ करून प्रत्येकाच्या मेलवरून रीतसर बिल्डरला पाठवायला लावला, आणि ताबापावतीवर 'सोबतच्या यादीतील दोषांसह' एवढं लिहूनच सही करायची अशी तंबी दिली. काही रांगा हळूहळू 'झालं' दाखवू लागल्या. मैल्याच्या पाइपाची सगळ्यात आधी, कारण आजी रोज येऊन वास घेत होत्या.

ए विंगमधली पहिली वास्तुशांत चारशे तीनकडे झाली. ती आषाढ लागायच्या आत उरकायची होती. फॉर्ममधल्या सगळ्या प्रश्नांना त्यांची उत्तरं चोख होती, यादीत एकही दोष शिल्लक नव्हता. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे नव्या ओट्यावर दूध उतू घालवलं. दूध उतू गेलं, ओट्यावर पसरलं, आणि सिंककडे न जाता संथपणे भिंतीकडे निघालं. मग कोपऱ्यातून वळून स्विचबोर्डाच्या खाली जमा झालं. बायका हळदीकुंकवाच्या गडबडीत होत्या. काका पुरणपोळीचं ताट हातात घेऊन ओट्याजवळ गेले, वाकून बघितलं, आणि तिथूनच ओरडले, "नऊशे दोन, लिहून घ्या! ओट्याला उलटा उतार!" गुरुजींनी दचकून मंत्र थांबवला. आता फॉर्ममध्ये त्याचा प्रश्न आहे. दूध न नासवता तांब्याभर पाणी ओतलं तरी चालतं, अशी टीपही खाली आहे.

बी विंगचं प्रमाणपत्र पुढे आलं आणि आचाऱ्याची आगाऊ रक्कमही वाया गेली नाही. टाईल्स बऱ्याचशा बदलल्या गेल्या. चिपळूणच्या काकूंच्या खिडकीतून पहिल्या पावसात पाणी आलं, आणि "मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य त्यांना समोरासमोर म्हणता आलं याचा त्यांना पाण्यापेक्षा जास्त आनंद झाला.

त्याच बिल्डरचा शेजारी तिसरा टॉवर होतो आहे. तिथल्या ग्राहकांना पाहणीच्या पत्राबरोबर आता एक ऑनलाइन फॉर्म येतो. मला एका ओळखीच्यानं तो पाठवला. वरचा रंग बदलला आहे, बादलीचा प्रश्न आहे, टेस्टरचा आहे, अर्धवट उघडलेलं दारही आहे. फॉर्म आमचाच आहे. फक्त 'इतर' हा रकाना काढून टाकला आहे, आणि त्या जागी 'मी सदनिकेबाबत पूर्ण समाधानी आहे' असं विधान आलं आहे. त्याला 'हो' हा एकच पर्याय आहे, आणि शेजारी लाल चांदणी.